ट्रॉल की गिलनेट? परवाना काढण्याआधी

आमच्या देवगडच्या बंदरात या मोसमात दोघा-तिघा पोरांनी मला हाच प्रश्न विचारला. ट्रॉल म्हणजे बोटीमागे ओढायचं पिशवीसारखं जाळं, गिलनेट म्हणजे पाण्यात पडद्यासारखं सोडायचं जाळं. मी दोन्ही केलंय. भावाबरोबर ट्रॉलरवर बरीच वर्षं काढली, आणि आता लहान फायबर बोटीवर गिलनेट टाकतो. त्यामुळे माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं असेल, हे आधीच सांगतो. बोट, इंजिन, कर्ज यांची माहिती तुम्हाला असणारच. मी बोलणार आहे ते नियमांबद्दल, म्हणजे मत्स्यव्यवसाय विभागाचा कोणता नियम कोणत्या जाळ्याला रोजच्या रोज कसा भिडतो, त्याबद्दल.

पर्सनेटचा, म्हणजे माशांच्या थव्याला घेरून पकडणाऱ्या जाळ्याचा, विचार डोक्यात असेल तर तो इथेच सोडा. ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेनंतर त्याचे परवाने कमी करत आणायचं धोरण आहे, आणि मोसमही सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच. नव्या माणसाला तिथे वाव नाही.

१ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी ट्रॉललाही आहे आणि इंजिनवाल्या गिलनेट बोटीलाही. कागदावर फरक काहीच नाही. पण ऑगस्ट उजाडला की ट्रॉलर बाहेर पडतो आणि लहान बोट दर्याकडे बघत बसते. आमच्याकडची म्हातारी माणसं नारळी पौर्णिमेशिवाय होडी लोटत नसत. गिलनेटवाल्याला अजूनही बऱ्याचदा तेच करावं लागतं. ते पंधरा-वीस दिवस हिशेबात धरा. घरात दुसरी कमाई नसेल तर ते जड जातात.

ट्रॉलच्या बाजूने बोलायचं तर हमी जास्त. कोळंबी, माकुल, राणीमासा, काही ना काही खोळीत, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, येतंच. रिकाम्या हाताने परतलेली फेरी मला आठवत नाही. गिलनेटवर मात्र बांगडा वर आलाच नाही तर तीन-तीन दिवस डिझेलचेही पैसे सुटत नाहीत. अर्थात ट्रॉलला डिझेलही तसंच लागतं, जाळं ओढायचं म्हणजे इंजिन दिवसभर जोरात. डिझेलवरच्या कराचा परतावा मच्छीमार संस्थेमार्फत मिळतो खरा, पण आमचा एकदा इतका रखडला की खलाशांचे पैसे उसने आणून दिले. शिवाय किनाऱ्याजवळ ट्रॉलला मज्जाव आहे, कुठे ५ वाव खोलीपर्यंत तर कुठे १० वावांपर्यंत (वाव म्हणजे साधारण सहा फूट). म्हणजे जवळचं पाणी तुमचं नाहीच.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला, ती सांगतो. ती म्हणजे ढीग.

ट्रॉल वर घेतला, खोळीची गाठ सोडली, की फळीवर ढीग पडतो. वर चार चांगले मासे, खाली बोटभर पिल्लं. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींची किमान मापं जाहीर केली. पापलेटचं माप १३५ मिलिमीटर, त्याहून लहान पकडायचा नाही. नियम चांगलाच आहे. त्याच वर्षी पापलेट राज्याचा मासा झाला, आणि तो कमी होत चाललाय हे आमच्याइतकं कोणाला ठाऊक? त्या मोसमात मी फळीवर खुणा करून घेतल्या आणि आम्ही ढीग निवडायला बसलो. उन्हात, वाकून, सहा माणसं. मापापेक्षा लहान ते परत पाण्यात. पहिल्याच दिवशी आमचा जुना तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, हातातलं पिल्लू दाखवत म्हणाला, "मेल्लो मासो परत पोवतलो काय रे?" मला उत्तर सुचलं नाही. आम्ही टाकत होतो ते सगळं उलटं तरंगत मागे जात होतं आणि वर पक्षी जमत होते. रोज तेच. मला रात्री तोच ढीग दिसायचा.

यावरचा खरा उपाय जाळ्यातच आहे, हे मान्य. ट्रॉलच्या खोळीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचं भोक, ठेवायचा. साध्या जाळ्याचा आस शंकरपाळ्यासारखा असतो, ओढ बसली की मिटतो आणि पिल्लं आत अडकतात. चौकोनी आस ओढीतही उघडा राहतो, त्यातून ती निसटतात. सिंधुदुर्गात याचे प्रयोग झाले आणि पुढे तो नियमात आला. पण आमच्या बोटीवर ती खोळ नव्हती. "कोळंबी जाईल" म्हणून भाऊ आज-उद्या करत राहिला.

गिलनेटवर निवड पाण्याखालीच होते. सुरमईचं जाळं वेगळं, पापलेटचं वेगळं, बांगड्याचं वेगळं. बारका मासा आसातून पार होतो, मान अडकेल तोच राहतो. अगदीच बारीक आसाचं जाळं घेतलंत तर हा फायदा गेला, तेवढं सांभाळा. तीन माणसांत काम होतं, आणि मापाची पट्टी मी क्वचितच काढतो.

त्रास इथेही आहे. माझं जाळं रात्री ट्रॉलरखाली गेलंय, दोनदा. अर्धं मिळालं, अर्धं नाही. कासव अडकलं तर जाळं कापावं लागतं. पण त्यासाठी २०१८ च्या अखेरपासून शासनाची योजना आहे. सोडवतानाचे फोटो दिले तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून हाताशी ठेवा, फोटो नसेल तर काही उपयोग नाही.

डोक्यावर मोठं कर्ज असेल, सहा खलाशांची घरं तुमच्यावर असतील, तर ट्रॉल घ्या, मी नको म्हणणार नाही. मात्र पहिल्या दिवसापासून चौकोनी खोळ लावा. हात थोडा मोकळा असेल तर गिलनेट बघा, आणि सुरुवात बांगड्याच्या जाळ्यानेच करा. सुरमईचं जाळं दुसऱ्या मोसमात.

भावाने यंदा ती खोळ लावलीय. ढीग निम्म्यावर आला, म्हणतो. बुधवारी त्याच्या बोटीवर जाणार आहे.