रबरी टेप आणि रबर कोट: अख्खा पावसाळा काढल्यावर

घराची गळती थांबवायला या वस्तू गेल्या मे महिन्यात घेतल्या. जूनमध्येच लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच देऊन मोकळा झालो असतो, म्हणून मुद्दाम थांबलो. चिपळूणजवळ आमचं घर आहे. जांभ्याच्या भिंती, वर स्लॅब, पुढे पत्र्याची पडवी. इकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, त्यामुळे डब्यावर काय छापलंय ते मी वाचतच नाही. मृगापासून हस्तापर्यंत टिकलं तर खरं.

घेतलेलं असं: वरून अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेल्या चार इंची ब्यूटाइल रबर (चिकट, मऊ कृत्रिम रबर) टेपचे दोन रोल, स्लॅबसाठी रबरासारख्या ताणणाऱ्या काळ्या कोटची एक बादली आणि हौस म्हणून एक स्प्रे. स्प्रेचं आधी उरकून टाकतो. टीव्हीवर बादलीला भोक पाडून त्यावर फवारा मारतात, ते मीही पाहिलं होतं. प्रत्यक्षात पन्हळीचे दोन सांधे होईपर्यंत डबा संपला, आणि निम्मा माझ्या बनियनवर. सांधे टिकलेत, पण त्या पैशात टेपचा आणखी एक रोल आला असता.

खरी मजा टेपची. पडवीचा पत्रा भिंतीला टेकतो तिथून दरवर्षी आत धार लागायची. दर मे महिन्यात गवंडी यायचा, सिमेंटचा वाटा (सांध्यावर तिरका पट्टा) मारायचा आणि गणपती येईपर्यंत त्याला केसाएवढी चीर गेलेली असायची. आम्ही गवंड्याला बोल लावायचो. हिशेब नंतर केला: पहाटेचा गारवा आणि दुपारचं ऊन यांत पत्रा सहज चाळीस अंशांचा फरक खातो, आणि तेवढ्यात बारा फुटी पत्रा पावणेदोन मिलिमीटर लांबतो. सिमेंट कुठून लांबणार? रबर पत्र्याबरोबर सरकतं. टेप इथे कामाला आली ती एवढ्यासाठीच.

पण नुसती चिकटवून भागत नाही. जांभा म्हणजे चाळणी. टेपच्या वरच्या कडेमागून पाणी भिंतीतूनच खाली उतरतं. म्हणून आठवडाभर आधी भिंतीवर सहा इंचांचा प्लास्टरचा पट्टा करून घेतला, तो खडखडीत वाळू दिला, ग्राइंडरने त्यात अर्धा इंच खाच मारली आणि टेपची वरची कड आत घालून वर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे रबरासारखं लवचिक राहणारं भरण, भरलं. पहिल्या खेपेला एक चूक केली. टेप ताणून सरळ लावली. पत्र्याला नाल्या असतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बघतो तर प्रत्येक नालीत टेप अधांतरी, खालून बोट जाईल एवढी पोकळी. सगळी काढली, फुकट गेली. दुसऱ्यांदा ढिली सोडून नालीनालीत कलथ्याच्या दांड्याने दाबत गेलो. हे काम दुपारी करा. तापलेल्या पत्र्यावर ब्यूटाइल मऊ होतं आणि जे धरतं ते सुटत नाही.

पत्रा धरून ठेवणाऱ्या आकड्यासारख्या जे-बोल्टच्या डोक्यांवरही टेपचे चौकोनी तुकडे लावले होते. ऑगस्टमध्ये त्यातले तीन उचकटले. एक सोलून पाहिला तर पाठीला लाल पूड. टेप पत्र्याला चिकटलीच नव्हती, गंजाला चिकटली होती. कंटाळा करून तेवढ्या बोल्टांना तारेचा ब्रश मारला नव्हता. बाकीचे अजून जागच्या जागी आहेत, आणि पडवीत आईने कायम मांडलेलं पितळी पातेलं यंदा प्रथमच फडताळात गेलं.

स्लॅबवर निकाल असा सरळ नाही. भेगेवर कोट उत्तम बसला: शेवाळ खरवडलं, भेग थोडी रुंद करून भरली, पातळ केलेला पहिला हात, त्यावर जाळी, मग एक हात उभा आणि एक आडवा. तिथून थेंब नाही. पण पाण्याच्या भोकाजवळचा कोपरा फसला. तिथे उतार उलटा आहे, पाणी साचतं. त्यात वळवाची सर येऊन गेली होती आणि दोन दिवस ऊन पडल्यावर वरून कोरडं दिसलं म्हणून मी कोट मारला. कोब्याच्या, म्हणजे स्लॅबवर उतारासाठी घातलेल्या थराच्या, पोटात ओल होतीच. ऊन तापलं तशी तिची वाफ झाली, तिला वर यायला वाट नाही, म्हणून कोटाला पुरीसारखे फुगे आले. जुलैत एका फुग्याला सुई टोचली तर आतून गढूळ पाणी बुळकन बाहेर आलं. म्हणजे पाणी थांबवायला लावलेल्या कोटाने पाणी आत कोंडून ठेवलं होतं. नंतर कोणीतरी युक्ती सांगितली: रात्री प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवायचा, सकाळी खाली दव दिसलं तर हात लावायचा नाही. आधी कळायला हवी होती.

टाकीचं तर विचारूच नका. प्लास्टिकच्या टाकीला खालच्या अंगाला तडा होता, बाहेरून टेप लावली. आतून पाण्याचा दाब टेपला ढकलतो, आणि त्या प्लास्टिकला मुळात काही नीट धरत नाही. चार दिवस टिकली. दाबाच्या नळालाही तेच, तिथे तुकडा कापून कपलिंग (जोडतुकडा) आणि सॉल्व्हंट सिमेंट (प्लास्टिक पाइप जोडायचा डिंक) हेच खरं.

माझ्या बहिणीने डोंबिवलीत वेगळाच प्रयोग केला. वरच्या मजल्यावरच्या मोरीचं पाणी हिच्या छतातून गळत होतं. वरचे लोक दाद देईनात, म्हणून हिने खालूनच छताला कोट मारला. महिनाभर छत छान दिसलं. मग दोन फुटांवर ट्यूबलाइटच्या शेजारी ओल आली. पाणी स्लॅबमध्ये मुरतंय तसंच मुरतंय, सळ्या गंजतायत तशाच गंजतायत, फक्त दिसायचं बंद झालं. असं करू नका. पाणी शिरतं त्या बाजूनेच अडवायचं, मग त्यासाठी सोसायटीत भांडावं लागलं तरी भांडा.

एक तक्रार आईच्या वतीने. काळा कोट उन्हात चिकट होतो. आता मार्च चालू आहे आणि दुपारी स्लॅबवर गेलं तर चपलेचा ठसा उमटतो, डांबरट वासही येतो. आमच्याकडे मे महिन्यात आमसुलं आणि आंबापोळी गच्चीवरच वाळतात. आईने कोट मारलेला भाग पाहिला, वाकून वास घेतला आणि म्हणाली, "ह्याच्यावर मी काही घालणार नाही हो." पांढरा अ‍ॅक्रिलिक कोट घेतला असता तर गच्ची थोडी थंड राहिली असती आणि हे बोलणंही चुकलं असतं, पण साचलेल्या पाण्यात तोही फार दिवस तग धरत नाही.

फुटलेला कोपरा आता पटाशीने खरवडून काढलाय. एप्रिलमध्ये गवंडी येऊन तिथला कोबा फोडून उतार नीट करणार आहे. त्यानंतर पाणी भरून दोन दिवस ठेवून बघणार, मगच वर काय मारायचं ते ठरेल. टेपचा अर्धा रोल शिल्लक आहे, तो त्या तीन बोल्टांसाठी. ब्रश आधीच आणून ठेवलाय.