उत्तरायणची गच्ची, सुतकाचा फोन आणि ३४ हजार

डिसेंबर सरत आला की अहमदाबादच्या जाहिराती दिसायला लागतात. जुन्या शहरातली हवेली, नक्षीदार लाकडी खांब, वर गच्ची, पतंग-फिरकी आणि उंधियू-जिलेबीसकट दोन रात्री. यातल्या बऱ्याच जाहिराती खऱ्या असतात. आम्ही जिच्यात अडकलो ती खोटी होती, पण तिच्यात शहराबद्दल जे जे सांगितलं होतं ते सगळं खरं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०२४ साली उत्तरायण, म्हणजे गुजरातेतली पतंगांची संक्रांत, रविवारी आलं होतं. गुजरातेत ते १४ जानेवारीला, आणि दुसऱ्या दिवशी ‘वासी उत्तरायण’, म्हणजे पतंगांचा शिळा पण तितकाच जोरदार सण. सोमवारची एक रजा टाकली की तीन दिवस मोकळे. आमच्या घरात अहमदाबादचं वेड सासऱ्यांमुळे. त्यांची सगळी नोकरी परळच्या गिरणीत झाली. अहमदाबादच्या पहिल्या गिरणीचं वर्ष (१८६१) आणि गांधीजींनी उपास केलेला १९१८ चा संप हे त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ. तिथल्याही बहुतेक गिरण्या ऐंशी-नव्वदच्या दशकांत बंद पडल्या, पण शहर काही मान टाकून बसलं नाही. आता नदीकाठचा रिव्हरफ्रंट आहे, अटल पूल आहे, आणि दिवसा सराफांचा असलेला माणेकचौक रात्री खाणाऱ्यांचा होतो. दीर-जाऊ, मुलं, सासरे आणि आम्ही दोघं असा बेत ठरला. बोरिवलीहून गुजरात मेलची तिकिटंही मिळाली. त्या आठवड्यात ती मिळणं हेच मोठं काम.

गच्चीचा व्यवहार कसा चालतो ते आधी सांगायला हवं, कारण फसवणारे त्याच्याच आडोशाला बसलेले असतात. जुन्या अहमदाबादेत ‘पोळ’ म्हणजे एका दरवाजाआड वसलेली वस्ती. अरुंद गल्ल्या, भिंतीला भिंत लागलेली घरं, मध्ये पक्ष्यांसाठी चबुतरा. अनेक कुटुंबं आता नदीपलीकडे फ्लॅटमध्ये राहायला गेली आहेत, पण पतंगाची खरी मजा पोळमधल्या गच्च्यांवरच. त्यामुळे तेवढ्या दोन दिवसांसाठी गच्च्या भाड्याने जातात. व्यवहार सगळा ओळखीवर आणि फोनवर, थोडी आगाऊ रक्कम देऊन. पावती क्वचितच. म्हणजे एरवी ज्या गोष्टीवर आपल्याला संशय आला असता, ती इथे रीतच आहे.

नकाशावर शोधताना खाडिया भागातल्या एका ‘हेरिटेज स्टे’चा नंबर मिळाला. फोटो सुंदर. माणूस गुजराती वळणाचं हिंदी बोलणारा, आणि त्याने सांगितलेलं नाव असं की प्रत्येक पोळमध्ये त्या नावाचे चार जण सापडावेत. गिऱ्हाइकाची घाई त्याने मुळीच दाखवली नाही. उलट, कॅलिको म्युझियमला (जुन्या कापडांचं संग्रहालय) आयत्या वेळी जाऊ नका, आधी नोंदणी करा, असं बजावलं. महापालिकेचा हेरिटेज वॉक सकाळी काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघतो आणि जामा मशिदीपाशी संपतो, सासऱ्यांना चालवेल का, हेही विचारलं. रायपूरच्या बाजारात मांजा कधी घ्यायचा तेही सांगितलं. इतकं सगळं पडताळून बघितलं तर बरोबर निघत होतं. फक्त हवेली त्याची नव्हती.

दोन रात्रींचे २४,००० ठरले. १२,००० आगाऊ मागितले. दिरांनी यूपीआयने पाठवले, तेव्हा स्क्रीनवर नाव आलं कुठल्याशा मोबाईल दुकानाचं. ‘वो हमारे हिसाबवाले का खाता है,’ असं उत्तर मिळालं. मग रीतसर बिल आलं, त्यावर जीएसटी क्रमांकसुद्धा. या क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: गुजरातचे २४, आपले २७. बिलावरचा क्रमांक ०९ ने सुरू होत होता, म्हणजे उत्तर प्रदेश. नंतर पोर्टलवर टाकून बघितला तर तो हार्डवेअरच्या व्यापाऱ्याचा निघाला. पत्त्याच्या जागी पोळचं नाव होतं, घर क्रमांक नव्हता. ‘दरवाजे पे आके फोन करना, लड़का लेने आएगा.’ पोळमध्ये हे अगदी शक्य वाटतं, कारण त्या गल्ल्यांत पत्ता हाती असूनही माणूस हरवतो.

आठवडाभर आधी ‘पोलीस व्हेरिफिकेशन’चे ५,००० मागितले, नंतर परत मिळणारे. तेही गेले.

पण खरा डाव निघायच्या आदल्या दिवशीचा. गुरुवारी संध्याकाळी फोन आला, आवाज बसलेला. ‘भाभी, घर में मैयत हो गई है. मेरी मोटी बा.’ सुतकात पाहुणे कसे ठेवणार? बुकिंग रद्द, पूर्ण १७,००० आत्ता परत करतो. जाऊबाईंनी त्याचं सांत्वन केलं. सासऱ्यांनी फोन मागून घेऊन दोन शब्द बोलले. पैसे परत देतो म्हणणाऱ्यावर, तेही दुखवट्याच्या घरातून, कोण शंका घेणार?

क्यूआर कोड माझ्या व्हॉट्सॲपवर आला, आणि पैसे दिरांच्या खात्यातून गेले असल्याने स्कॅन त्यांच्या फोनवरून करायला सांगितलं. स्क्रीनवर रक्कम बरोबर १७,०००. ‘पिन डालेंगे तभी बँक रिलीज़ करेगी.’ पिन टाकला. ‘फेल हो गया, फिर से कीजिए.’ तेवढ्यात बँकेचा मेसेज आला आणि जाऊबाई ओरडल्या, ‘अहो, गेले! आले नाहीत, गेले!’ दुसऱ्यांदा पिन पडला नाही तो त्यांच्यामुळे. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. तो देताना लागतो. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण रक्कम आपल्याच हिशेबाची दिसत असली आणि समोरचा रडवेला असला की हात आपोआप चालतो. त्याने ती १७,००० ची बेरीज जमवली होती ती याचसाठी.

लगेच १९३० लावला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाईन, तिथे व्यवहार क्रमांक हाताशी ठेवूनच बोलावं लागतं. मग राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार, मग बँक. नुकत्याच गेलेल्या १७,००० पैकी काही भाग पुढच्या खात्यात गोठवला गेला. तो सुटायला कोर्टाचा आदेश लागला आणि बरेच महिने गेले. आधीच्या रकमा तोवर कुठल्या कुठे पोचल्या होत्या. एकदा फसवणूक झाली की पहिले काही तास महत्त्वाचे असतात. ‘उद्या बँकेत जाऊन विचारू’ यात पैसे बुडतात. आणखी एक: तक्रार केल्यावर कुणी ‘तुमचे पैसे सोडवून देतो, थोडी फी लागेल’ म्हणत आलं, तर तो त्याच धंद्यातला दुसरा माणूस समजा. आम्हाला असेही फोन आले.

तिकिटं होती म्हणून आम्ही गेलोच. शनिवारी पहाटे उतरलो, स्टेशनजवळच्या साध्या हॉटेलात सामान टाकलं आणि नकाशावरच्या खुणेवर गेलो. घर होतं. ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या बाईंना आम्ही चाचरत विचारलं, तर त्या म्हणाल्या, इथे कुणी गेलेलं नाही आणि भाड्याने काही देत नाही. कालपासून लोक येऊन हेच विचारताहेत. फोटो ज्या हवेलीचे होते ती भलत्याच पोळमधली निघाली आणि तिथले मालक स्वतःच हैराण झाले होते.

त्याच गल्लीतल्या पानवाल्याने दोन घरं सोडून एक गच्ची मिळवून दिली. माणशी ८०० रुपये, उंधियू-जिलेबीसकट. आधी वर चढा, बघा, मग पैसे द्या, असं घरमालकीणच म्हणाली. रविवारी दिवसभर ‘काप्यो छे!’च्या आरोळ्या. सासऱ्यांनी एक पतंग काटला आणि तीन गमावले. मजा आली, खोटं कशाला बोलू.

तर गच्ची घ्यायची असेल तर समोरच्याला गच्चीवरून व्हिडिओ कॉल करायला सांगा, आणि कॅमेरा फिरवून खालची गल्ली, घराचा क्रमांक दाखवायला सांगा. खरा मालक हसत दाखवतो. आमच्या माणसाने दोनदा ‘नेटवर्क नही है’ म्हणून टाळलं होतं. नकाशावरचा नंबर कुणीही सुचवून बदलून घेऊ शकतं, म्हणून हवेलीचा नंबर आणखी कुठेतरी जुळतो का ते बघा. पैसे घेणाऱ्याचं स्क्रीनवरचं नाव आणि बोलणाऱ्याचं नाव वेगळं असेल, तर तिथेच थांबा. हिशेबनीस, भाचा, मेहुणा ही कारणं तयारच असतात. आणि ज्याला आगाऊ रकमेशिवाय चालतच नाही, त्याला सोडून द्या, कारण आयत्या वेळी जाऊनही पोळमध्ये गच्ची मिळते, फक्त थोडी पायपीट होते.

त्याचा नंबर आता बंद आहे. ते हवेलीचे फोटो मात्र त्या वर्षी नवरात्रीच्या तोंडावर पुन्हा दिसले, दुसऱ्या नावाने, दुसऱ्या नंबरवर, ‘गरबा पॅकेज’ म्हणून. तीही माहिती आम्ही आमच्या तक्रारीला जोडली.