गाडी ठेवायला छान जागा, पण 'भाव वाढणार' हे त्यांच्या तोंडून ऐकू नका

सहा महिने वापरून झालं, आता लिहितोच. डेट्रॉइटच्या उत्तरेला जुन्या गाड्या सांभाळून ठेवणारं एक गोदाम आहे, गोदाम म्हटलं की त्यांना राग येतो, ते 'कलेक्टर कार स्टोरेज' म्हणतात. नाव मुद्दाम देत नाही कारण पुढे तक्रार पण आहे. माझी १९६९ची पॉन्टिअॅक जीटीओ नोव्हेंबर ते एप्रिल तिथे होती, महिन्याला २४० डॉलर. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर एवढं मीठ टाकतात की पन्नाशी उलटलेली गाडी बाहेर काढायची म्हणजे आपल्याच हाताने गंज लावायचा, आणि घरच्या गॅरेजमध्ये बायकोची गाडी, पोरांच्या सायकली, स्नो ब्लोअर, मग करता काय.

जागा मात्र एक नंबर. दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आत, मीटर भिंतीवर लावलेलं, कोणीही जाऊन बघावं. गाडी ताब्यात घेताना एक पोरगा अर्धा तास टॉर्च घेऊन फिरत होता, ओरखडा न् ओरखडा फोटोत घेतला आणि मागच्या चाकाच्या कमानीखाली रंगाला आलेला फुगा, जो मला सुद्धा माहीत नव्हता, तो बोट लावून दाखवला. एवढ्यासाठी चार स्टार बिनधास्त देतो.

एक स्टार कापला तो मॅनेजरच्या भाषणाचा. सही करायला बसलो तर साहेबांनी 'लाँग टर्म' प्लॅनचं ब्रोशर पुढे केलं, त्यावर हेमी कूडाचा (प्लिमथची 'हेमी' इंजिनवाली जुनी गाडी) फोटो, आणि म्हणे तुम्ही चालवू नका, नुसती ठेवा, दहा वर्षांनी बघा काय होतं. मी घरी येऊन हिशोब मांडला. इन्शुरन्सवाल्याने माझ्या गाडीची ठरवून दिलेली किंमत ४२,००० डॉलर. दहा वर्षांचं भाडं २८,८००. म्हणजे इन्शुरन्सचा हप्ता, टायर, बॅटरी काही न धरता ती गाडी ७०,८०० ला गेली तर कुठे मी होतो तिथेच. बाजारात तुरी आणि इकडे आमची वाटणी चालू.

बरं, हेमी कूडाचा फोटो कोणाला दाखवताय? १९७१च्या त्या कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडणाऱ्या, एकूण ११ बनल्या, आणि त्यातली एक २०१४ साली सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली हे अगदी खरं. पण त्या कमी का बनल्या ते ब्रोशरमध्ये नाही. कारण तेव्हा कोणी घेतल्याच नाहीत! त्या इंजिनाचे आठशे डॉलरच्या वर जास्तीचे, वर तरुण पोराला इन्शुरन्सचा हप्ता ऐकूनच घाम फुटायचा. मग १९७३चं तेलसंकट आलं आणि उरलेल्या मसल कार, म्हणजे असल्या दणकट इंजिनाच्या पेट्रोल पिणाऱ्या गाड्या, लोकांनी मिळेल त्या भावाला फुंकल्या, ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर) फोडल्या, भंगारात घातल्या. ज्या वाचल्या त्या नशिबाने. भाव आला तो असा, कोणी शहाणपणाने झाकून ठेवल्या म्हणून नाही.

माझी जीटीओ त्या वर्षी बहात्तर हजारांवर बनली. त्यातलीच 'जज' नावाच्या खास मॉडेलची कन्व्हर्टिबल असती, फक्त १०८ बनलेली, तर मी हे लिहीत बसलो नसतो. पॉन्टिअॅकचं एक बरं आहे की पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याचे मूळ कागद मिळतात, त्यामुळे पॉन्टिअॅकच्याच साध्या लेमान्स मॉडेलला जीटीओचे बिल्ले चिकटवून कोणी गळ्यात मारू शकत नाही. फोर्डसाठी तसाच मार्टी रिपोर्ट आहे. शेवरलेवाल्यांची पंचाईत, गाडी एसएस (त्यांचं जोरदार मॉडेल) असल्याचा कागद हरवला तर आयुष्यभर सिद्ध करत बसा. साठवायचंच असेल तर आधी कागद साठवा, गाडी मग.

आता शेजाऱ्याची गोष्ट. माझ्या बाजूच्या खणात १९७८ची काळी-चंदेरी शेवरले कॉर्व्हेट पेस कार, म्हणजे इंडियानापोलिस ५०० शर्यतीत सगळ्यांच्या पुढे धावणाऱ्या गाडीची विक्रीसाठी काढलेली आवृत्ती. मीटरवर ३१ मैल. सीटवर अजून प्लास्टिक, ते आता पिवळं पडून कडक झालंय, हात लावला की पापडासारखं कुरकुरतं. मालक म्हणजे एक आजोबा, दर गुरुवारी येतात, कव्हर काढतात, बघतात, परत घालतात. शेवरलेने तेव्हा जाहीर केलं प्रत्येक डीलरला एकच, आणि लोक वेडे झाले. छापील किंमत १३,६५३ डॉलर, पण आजोबांनी बरेच जास्तीचे मोजले होते. गंमत अशी की डीलरच सहा हजारांच्या वर होते, गाड्या बनल्या ६,५०२, आणि जवळपास प्रत्येकाने ती आजोबांसारखीच झाकून ठेवली. मग दुर्मिळ कुठली? त्या १३,६५३ चे महागाई धरून आज साठ हजारांच्या वर होतात, आणि गाडी बऱ्याचदा त्याच्या निम्म्यालाही मिळून जाते. मी विचारलं, कधी चालवावीशी नाही वाटली? म्हणाले, "पहिली पंचवीस वर्षं भाव पडेल म्हणून नाही चालवली, आता ब्रेक धरतील का नाही याची भीती वाटते." पोरांना विचारलं तर ती म्हणतात विकून पैसे द्या.

१९७६च्या कॅडिलॅक एल्डोराडोचं तेच. शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल म्हणून गाजवली, १४,००० खपल्या, लोकांनी गुंडाळून ठेवल्या, आणि १९८४ला कंपनीनेच परत कन्व्हर्टिबल काढली. लोक कोर्टात गेले होते त्यावरून.

आणि आत्ता त्याच गोदामाच्या मागच्या रांगेत दोन डॉज डेमन १७० उभ्या आहेत, २०२३च्या, १,०२५ हॉर्सपॉवर, डिलिव्हरीचं प्लास्टिक तसंच. ३,३०० च बनणार म्हणून घेतलेल्या. २०१८ची पहिली डेमन पण ३,३०० च होती, आणि ती पण अशीच झाकलेली. मॅनेजर त्यांच्याकडे बघतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो, कारण गाडीचा भाव वाढो न वाढो, भाडं दर महिन्याला येतंय.

आता तक्रार. एप्रिलमध्ये गाडी घ्यायला गेलो, चावी फिरवली तर टक् सुद्धा नाही. फेब्रुवारीत मागची गाडी काढायला माझी सरकवली आणि बॅटरी टेंडरची (बॅटरी चार्ज ठेवणाऱ्या यंत्राची) पिन परत लावलीच नाही. टायरचं त्याहून वाईट. माझ्या गाडीला जुन्या पद्धतीचे बायस प्लाय रेडलाइन (कडेला लाल पट्टी असलेले) टायर आहेत, ते एका जागी उभे राहिले की खालून चपटे होतात, म्हणून फॉर्मवर 'टायर क्रेडल' ला, म्हणजे टायरखाली ठेवायच्या गोलाकार आधाराला, टिकमार्क केली होती, पैसे पण वेगळे घेतले, आणि गाडी थेट फरशीवर उभी. घरापर्यंत नुसतं धब धब धब, आरसा एवढा हलत होता की मागे कोण आहे तेच कळेना. टायर गरम झाल्यावर थोडं कमी झालं, पुरतं नाही गेलं. मॅनेजरने मान्य केलं, वाद घातला नाही, क्रेडलचे पैसे परत आणि एक महिना फुकट.

कार्ब्युरेटरचं मात्र त्यांच्यावर ढकलत नाही. इथेनॉलवालं पेट्रोल अर्धी टाकी तसंच सोडलं होतं मी, आणि सहा महिन्यांनी क्वाड्राजेट, म्हणजे माझा कार्ब्युरेटर, उघडला तर आत काकवीसारखा चिकट थर. पेट्रोल खराब होऊ न देणाऱ्या स्टॅबिलायझरची बाटली आणली होती हो, डिकीत होती, सील न फोडलेली.

येत्या नोव्हेंबरात परत तिथेच ठेवणार, पाच महिन्यांचा साधा प्लॅन. क्रेडलवर गाडी चढलेली स्वतः बघितल्याशिवाय चावी देणार नाही. आणि ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे इथल्या जुन्या गाड्यांच्या जत्रेला, ही जीटीओ घेऊन जातोय, आजोबांना विचारलंय बाजूला बसता का म्हणून, हो म्हणालेत, फक्त खिडकी उघडी ठेवा म्हणाले.