रेडिओ ट्रिगर: दिवाळी ते गणपती, दहा महिन्यांचा अनुभव

पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी चालू असताना फोटो काढायचे, तर उजेडाची अडचण ठरलेली. वर ट्यूबलाइट, खाली मूर्तीवर झुकलेला कारागीर, आणि त्याच्याच डोक्याची सावली बाप्पाच्या चेहऱ्यावर. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला की ओल्या रंगावर पांढरा ठिपका चमकतो, गाल सपाट होतात, सोंडेच्या वळ्या दिसेनाशा होतात. दोन वर्षं मी असेच फोटो काढले. एकदा तिथले काका शांतपणे म्हणाले, "ताई, समोरून लाइट नका मारू. रेघ हलते." मला फार वाईट वाटलं. माझ्या फोटोपेक्षा त्यांची रेघ महत्त्वाची होती. त्याच दिवाळीत मी रेडिओ ट्रिगर घेतला, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारं आणि लांब ठेवलेल्या फ्लॅशला रेडिओ लहरींनी उडवणारं छोटं यंत्र.

त्याआधी स्लेव्ह मोड वापरून पाहिला होता. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश उडाला की त्याचा उजेड पाहून लांबचा फ्लॅश उडतो. घरातल्या खोलीत हे छान चालतं, पण लांबच्या फ्लॅशला तो उजेड दिसावा लागतो. मूर्तींच्या रांगेआड किंवा दाराच्या पलीकडे ठेवला की तो गप्प. लग्नात उलट होतं, दुसऱ्या कोणाचाही फ्लॅश पडला की आपला उडतो आणि आपल्या फोटोच्या वेळी तो चार्ज होत बसलेला असतो. रेडिओला हे बंधन नाही. पडद्याआडचा, भिंतीआडचा, सॉफ्टबॉक्सच्या (उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेटीच्या) पोटातला फ्लॅशही उडतो.

माझ्याकडचा ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. ३२ चॅनल, पाच ग्रुप (प्रत्येकाची ताकद वेगळी ठेवता येते असे फ्लॅशचे गट), किंमत साडेपाच हजारांच्या आसपास. रिसीव्हर फ्लॅशमध्येच आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते या जातीच्या बहुतेक ट्रिगरना लागू पडतं. पूर्वीच्या पॉकेटविझार्डसारख्या ट्रिगरमध्ये अमेरिकेसाठी ३४४ मेगाहर्ट्झच्या आसपास आणि युरोपसाठी ४३३ च्या आसपास अशी वेगवेगळी मॉडेलं असायची. २.४ चा पट्टा आपल्याकडे आणि जगात बहुतेक ठिकाणी परवान्याशिवाय वापरता येतो, म्हणून आता स्वस्तातले ट्रिगर बहुधा याच पट्ट्यात येतात. त्याची किंमतही मोजावी लागते. वायफाय, ब्लूटूथ, बरेचसे ड्रोन, व्हिडिओवाल्यांची काही वायरलेस उपकरणं, सगळे याच गल्लीत.

सर्वांत मोठा फायदा मला वाटला होता त्यापेक्षा वेगळाच निघाला. फ्लॅश लांबून उडतो याचं कौतुक आठवडाभर टिकलं. खरी सोय आहे ती जागेवरून ताकद बदलण्याची. कारखान्यात जागा अशी नसतेच. जमिनीवर मूर्ती, फळ्यांवर मूर्ती, माळ्यावर मूर्ती. स्टँड ठेवायला हातभर जागा मिळत नाही, म्हणून मी एक फ्लॅश क्लॅम्पने वरच्या वाशाला अडकवते. पूर्वी त्याचा उजेड पूर्ण ताकदीच्या १/१६ वरून १/३२ वर आणायचा तर स्टुलावर चढा, मूर्ती सांभाळा, पुन्हा उतरा. एकदा धक्का लागला तर कोणाच्या तरी महिन्याभराच्या कामाचं नुकसान. आता ए ग्रुप खिडकीच्या बाजूने, बी ग्रुप वाशावरून मागून, आणि दोन्हींची ताकद माझ्या अंगठ्याखाली. बाजूने येणाऱ्या उजेडात सोंडेची वळी, कानाची कड, मुकुटावरचं नक्षीकाम उठून दिसतं. आणि कारागिराच्या डोळ्यांत काही जात नाही.

तिथेच एक गोष्ट शिकले, जी माहितीपुस्तिकेत नव्हती. एका पत्र्याच्या शेडमध्ये फ्लॅश जेमतेम पंधरा फुटांवर होता आणि तरी दहातले तीन फोटो काळे येत होते. सेल बदलले, चॅनल बदलला, काही फरक नाही. वैतागून स्टँड वीतभर बाजूला सरकवला आणि सगळं सुरळीत. नंतर उलगडा झाला. पत्र्यावरून रेडिओ लहरी परत फिरतात आणि थेट आलेल्या लहरींशी भिडून काही जागी एकमेकींना मारून टाकतात. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, त्यामुळे अशी मेलेली जागा चार-सहा सेंटिमीटरचीच असते. आता फ्लॅश चुकू लागला की सेटिंगला हात लावायच्या आधी मी स्टँड सरकवते.

दुसरा शत्रू पाणी. या लहरी पाणी शोषून घेतं, आणि माणूस म्हणजे बरंचसं पाणीच. ओल्या शाडूच्या मूर्तींची दाट रांग मध्ये आली तरी मला फरक जाणवला, आणि लग्नातली गर्दी तर भिंतच. म्हणून फ्लॅश लोकांच्या डोक्याच्या वर, किमान सात फुटांवर. पूर्वी मी स्टँड ठेंगणा ठेवायचे, पडू नये म्हणून. आता उंच करते आणि पायाशी वाळूची पिशवी टाकते.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर तो प्रसंगही सांगते. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं शेवटाला आलेली. माझे दोन्ही फ्लॅश आपोआप उडत होते. मी शटर दाबलेलंच नव्हतं! अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि त्या क्षणी माझा मागचा फ्लॅश अजून चार्ज होत होता. वधूवरांच्या मागून येणारा उजेड त्या फोटोत नाही, तो परत येणारही नाही. नंतर मुलाकडच्या फोटोग्राफरला विचारलं, "दादा, तुमचा चॅनल कितीवर आहे?" तोही एकवर, मीही एकवर. दोघांनीही डबा उघडल्यापासून चॅनल बदललेला नव्हता. चूक कोणाची म्हणायची? माझी, कारण माझ्या ट्रिगरमध्ये चॅनलशिवाय १ ते ९९ असा वेगळा आयडी देता येतो आणि मी तो दिलाच नव्हता. आयडी जुळला नाही तर चॅनल एक असूनही फ्लॅश दुसऱ्याचं ऐकत नाही. आता हॉलमध्ये पोचल्यावर मी पहिल्यांदा मोकळे चॅनल शोधायचं स्कॅन चालवते आणि दुसऱ्या टीमला भेटून आकडे वाटून घेते. हे बोलणं दोन मिनिटांचं असतं, आणि त्यातून ओळखी होतात ते वेगळंच.

टीटीएलबद्दल, म्हणजे कॅमेरा उजेड मोजून फ्लॅशची ताकद आपोआप ठरवतो त्या पद्धतीबद्दल, माझं मत बदललं. सुरुवातीला सगळं टीटीएलवर. वरातीत, जिथे अंतर क्षणाक्षणाला बदलतं, तिथे अजूनही तेच बरं. पण एका जागी बसून काम असेल तर टीटीएल त्रास देतं, कारण फ्रेममध्ये पांढरा फेटा आला की फोटो गडद, काळा कोट आला की फिका. कारखान्यात आणि सप्तपदीला मी मॅन्युअलच वापरते, ताकद माझी मीच ठरवते. एकदा अंतर ठरलं की उजेड ठरला. फ्लॅश दुप्पट लांब नेला की उजेड चौथाई, म्हणजे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). इतकं गणित डोक्यात असलं की पुरतं.

शटरचा वेग हा आणखी एक नडणारा मुद्दा. माझ्या कॅमेऱ्याचा सिंक, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत जलद शटर, सेकंदाच्या १/२०० चा. कागदावर ट्रिगरही तेवढा देतो, पण रेडिओच्या प्रवासात आणि हिशेबात किंचित वेळ जातो, आणि मला १/२०० ला फोटोच्या कडेला कधीकधी पुसट काळी पट्टी दिसली. तो शटरचा पडदा असतो, फ्लॅश उडेपर्यंत चौकटीत शिरलेला. १/१६० वर ठेवलं की विषय संपतो. त्यापुढे जायचं तर हाय-स्पीड सिंक. अलिबागच्या किनाऱ्यावर, मागे कुलाबा किल्ला घेऊन भर उन्हात एका जोडप्याचे फोटो काढले. आयएसओ १०० आणि १/२०० ला एफ ११, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच बारीक, ठेवावं लागत होतं आणि मागचं सगळं काटेकोर दिसत होतं. मागचं धूसर व्हावं म्हणून छिद्र मोठं करून एफ २.८ वर यायला शटर १/३२०० करावं लागलं. ट्रिगरने ते निमूटपणे केलं, पण या पद्धतीत फ्लॅश एकदम न उडता तुकड्यातुकड्यांनी उडत राहतो आणि त्याची ताकद खूप घटते. छोट्या फ्लॅशला मला दीड मीटरवर आणावं लागलं आणि दर दोन-तीन फोटोंनंतर थांबावं लागलं. किनाऱ्यावरचं काम नेहमीचं असेल तर मोठा फ्लॅश हवाच, ट्रिगर कितीही चांगला असला तरी.

तक्रारी दोन आहेत. ट्रिगरचा पाय प्लास्टिकचा आहे आणि सहाव्या महिन्यापासून हॉटशूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेत, किंचित डुलतो. हात लागला की संपर्क तुटतो, म्हणून लग्नात मधूनमधून तो घट्ट करणं ही सवय झाली आहे. दुसरी, अंधारात बटणं सापडत नाहीत. अंगठ्याला कळावं म्हणून मी ए ग्रुपच्या बटणावर नेलपॉलिशचा उंच ठिपका दिला आहे. सेलबद्दल मात्र तक्रार नाही. रिचार्जेबल एए सेल १.२ व्होल्टचे असले तरी ट्रिगर दोन लग्नं आरामात काढतो. कोकणातल्या दमटपणामुळे पितळी टोकांवर हिरवट थर धरतो, तो खोडरबराने पुसते आणि सगळं सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवते. काम नसताना सेल आत ठेवत नाही.

जुना फ्लॅश घरात पडून असेल आणि तो रिसीव्हरला जोडायचा विचार असेल, तर आधी मल्टिमीटरने त्याच्या पायाचं व्होल्टेज मोजा. काही जुन्या फ्लॅशमध्ये ते दोनशे व्होल्टच्याही वर जातं आणि आजची इलेक्ट्रॉनिक्स त्याला टिकत नाही. आमच्या बाबांचा फ्लॅश मी म्हणूनच कपाटात ठेवला आहे.

गेल्या महिन्यात, गणपतीच्या आधीच्या गर्दीत, पुन्हा त्याच काकांकडे गेले. खिडकीच्या बाजूने एक फ्लॅश, छोट्या सॉफ्टबॉक्समधून, १/३२ वर. मागून वाशावरचा १/६४ वर, नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावून. काका उजव्या डोळ्याची पापणी ओढत होते. मी तीस-चाळीस फोटो काढले, एकही चुकला नाही. रेघ पूर्ण झाल्यावर त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि विचारलं, "आज लाइट आणला नाही का?"