घरी लेयर्स कापायचा कात्री सेट: एक कात्री कामाची, दुसरी नुसती डोकेदुखी

आधीच सांगून टाकते, मी पार्लरवाली नाही. धुळ्याला देवपुरात राहते, शाळेत शिकवते, आणि केस कापण्याचा अनुभव म्हणाल तर मुलीच्या कपाळावरचे केस दोनदा कापलेत, त्यातल्या एका वेळेला ती आठ दिवस टोपी घालून शाळेत गेली होती. तर हा रिव्ह्यू त्या हिशोबाने वाचा.

माझे केस लांब आहेत, मानेपासून टेप लावला तर २६ इंच. गेल्या वर्षी एका पार्लरमध्ये लेयर्स, म्हणजे वरून खाली टप्प्याटप्प्याने लांब होत जाणारे केस, करायला गेले, खाली फक्त २ इंच कमी करा म्हटलं, बाईंनी मान डोलावली आणि उठले तेव्हा ५ इंच खाली फरशीवर. वर ९०० रुपये. घरी आल्यावर दोन दिवस मी आरशासमोरून तिरकी जात होते. तेव्हाच ठरवलं की आता काय वाटोळं करायचं ते आपल्या हाताने करायचं, निदान पैसे तरी वाचतील. म्हणून हा सेट मागवला ५४९ रुपयांचा. ६ इंची सरळ कात्री, एक दातेरी कात्री म्हणजे पार्लरवाले जिला थिनिंग म्हणतात ती, एक कंगवा, चार चिमटे, अंगावर घ्यायचा प्लास्टिकचा कपडा आणि हे सगळं ठेवायला रेक्झिनचं पाकीट, ज्याला पहिले चार दिवस रॉकेलसारखा वास येत होता.

पार्सल आलं ते नेमकं आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, तोंडावर. मग तसंच बॅगेत टाकलं आणि माहेरी पारोळ्याला घेऊन गेले. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात हे खान्देशातल्या लोकांना सांगायला नको, झोके, गाणी, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस, आणि वर ऊन असं की दुपारी अंगणात पाय ठेवला तर चटका. त्या उन्हात २६ इंच केस मानेवर म्हणजे उन्हाळ्यात गोधडी पांघरल्यासारखं. वहिनीने बॅगेतून पाकीट काढलं, उघडलं, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "काय करी ऱ्हायनी व पोरी? इतला लांब केस कापी टाकशी?"

आता इथे जरा थांबते, कारण कात्रीबद्दल सांगायच्या आधी लेयर्सची पद्धत सांगायला हवी, नाहीतर कात्री चांगली का वाईट ते कळणारच नाही. सगळे केस पुढे घ्यायचे, मान खाली घालून, आणि कपाळाच्या मधोमध, जिथे केस सुरू होतात बरोब्बर तिथे घट्ट रबर लावायचं. एकशिंगी प्राण्यासारखं दिसतं, घरातली पोरं हसतात, हसू द्यायचं. मग खाली जिथे कापायचं त्याच्या जरा वर दुसरं रबर, आणि त्याच्या खाली कात्री.

मला ही पद्धत फार दिवस कळत नव्हती की कापलं एका रेषेत आणि निघतात लेयर्स, हे कसं? मग आईचा शिवणकामाचा टेप घेऊन डोक्यावरून मोजलं. कपाळापासून मानेपर्यंत, डोक्यावरून, १३ इंच भरलं. म्हणजे मानेजवळचा केस २६ इंचाचा असला तरी कपाळापर्यंत यायलाच त्याचे १३ इंच खर्च होतात, शेपटीत तो फक्त १३ इंच उरतो. आणि कपाळावरचा केस तिथूनच निघतो, तो आख्खाच्या आख्खा शेपटीत. माझे पुढचे केस साधारण २४ इंच होते. म्हणजे शेपटीच्या टोकाला जे दिसतात ते सगळे पुढचेच, मागचे बिचारे अर्ध्यातच संपलेले असतात. टोकाचे ६ इंच उडवले तरी मागच्या लांबीला धक्का लागत नाही! हे मी आईला टेप दाखवून समजावलं तेव्हा ती जरा गप्प झाली. पार्लरमध्ये ५ इंच गेले त्या वेळी मला हे माहीत असतं तर बरं झालं असतं.

हेच रबर टाळूवर लावलं तर हिशोब बदलतो, टाळूचे केस सगळ्यात छोटे होतात आणि पुढचे-मागचे लांब राहतात. ज्यांना चेहऱ्याभोवती बटा नको पण वर भरगच्चपणा पाहिजे त्यांच्यासाठी ते. मी कपाळावरचंच केलं.

तर कात्री. सरळ कात्री चांगली आहे, खरंच चांगली आहे या किमतीला. बॉक्सवर मोठ्या अक्षरात जपानी स्टील लिहिलंय, पण कोणतं स्टील ते कुठेच लिहिलेलं नाही, महागड्या कात्र्यांवर ४४०सी वगैरे ग्रेड छापलेला असतो तसं काही नाही, त्यामुळे त्या जपानला फार मनावर घेऊ नका. धार बघायची सोपी ट्रिक म्हणजे टिश्यू पेपर ओला करायचा आणि कापायचा. बोथट कात्री ओला कागद चघळते, दुमडते, फाडते. हिने मुळापासून टोकापर्यंत सरळ कापला. टोकाची धार महत्त्वाची, कारण लेयर्स कापताना कात्री आडवी चालवायचीच नसते, उभी धरून टोकाटोकाने खाली-वर कातरायचं असतं, नाहीतर झाडूसारखी एक सरळ रेष येते.

वहिनी म्हणाली एवढे पैसे कशाला घातले, आईची कात्री आहे की. आईची म्हणजे मेरठची, कपडे शिवायची, पितळी मुठीची, मी लहान होते तेव्हापासूनची. मेरठच्या कात्र्यांना २०१३ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय आणि त्यांची पाती जुन्या गाड्यांच्या भंगार पोलादातून बनवतात, धार लावून लावून पिढ्यान् पिढ्या वापरतात, असं सगळं तिचं कौतुक मलाही आहे. पण केसांना ती चालत नाही. आम्ही वहिनीचीच एक बट घेतली, अर्धी त्या कात्रीने कापली आणि अर्धी नवीन कात्रीने. मेरठवालीत केस पात्यावरून घसरत पुढे जात होते, दाबले जात होते, आणि टोकं उजेडात धरली तर चिरडल्यासारखी. नवीन कात्रीने टोकं स्वच्छ. चिरडलेल्या टोकालाच पुढे फाटे फुटतात, म्हणजे फाटे घालवायला कापायचं आणि कापूनच नवे फाटे तयार करायचे, असला धंदा. कपड्याची कात्री कपड्याला, आणि उलटही तेच, केसांच्या कात्रीने कागदसुद्धा कापायचा नाही (तो एक ओला टिश्यू सोडून).

प्रत्यक्ष कापताना पहिल्यांदा मी भीत भीत २ इंच कापले, रबर सोडलं, केस झटकले, आरशात बघितलं तर काहीच फरक नाही. वहिनी म्हणे कापले का नुसतं नाटक केलं? वरचा टेपवाला हिशोब तोपर्यंत डोक्यात पक्का बसला नव्हता ना, २ इंचांत फक्त कपाळावरची चार केसं गेली होती. मग पुन्हा बांधलं आणि आणखी ४ घेतले. शेपटी १८ इंचांवर आली. आता पुढच्या बटा छातीपर्यंत, मग हळूहळू लांब होत मागे होते तेवढेच. सोडल्यावर काय हलके वाटले! आई मागून येऊन केस हातात धरून बघून गेली, म्हणाली "मागना केस तसाच शेतस", आणि तो विषय तिच्यापुरता मिटला.

माझा नाही मिटला, कारण संध्याकाळी लक्षात आलं की डावीकडच्या बटा उजवीपेक्षा छोट्या आहेत. रबर बरोब्बर मध्ये नव्हतं, अंगठाभर डावीकडे सरकलं होतं, त्यामुळे उजवीकडच्या केसांना जास्त लांबून यावं लागलं आणि ते लांब राहिले. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची एकेक बट हनुवटीखाली आणून जुळवली आणि उजवीकडून अर्धा इंच कातरला. म्हणून नाकाच्या सरळ रेषेत रबर आहे का हे आरशात नाही, दुसऱ्या माणसाला बघायला सांगा. आणि केस कोरडे असताना कापा. ओला केस ताणला जातो, लांब दिसतो, वाळला की वर चढतो, त्यातून तुमचे कुरळे किंवा लाटांचे असले तर २ चे ४ झालेच समजा. सेटसोबतच्या कागदावर मात्र केस ओले करून घ्या असं छापलंय. पार्लरमध्ये करतातही ओले, पण त्यांचा हात बसलेला असतो, आपला नाही.

आता दातेरी कात्री. हिच्यासाठी मी एक स्टारही देणार नाही. ३० दात आहेत, मोजले. काम काय असतं हिचं, तर एका बटेतले काही केस कापायचे आणि काही सोडायचे, म्हणजे जाडी कमी होते आणि लेयर्सच्या पायऱ्या दिसत नाहीत. पण या कात्रीचे दात समोरच्या पात्यावर नीट बसतच नाहीत, मध्ये तीन-चार दातांशी फट दिसते, त्यामुळे तिथले केस कापले न जाता अडकतात, आणि कात्री उघडायला गेलं की ओढले जातात. डोळ्यांतून पाणी आलं. वहिनीच्या केसांवर तीनदा एकाच जागी चालवली तर तिथे बारीक बारीक केस वर उभे राहिले कापसासारखे, आणि संध्याकाळी झोक्यावरून आलेली काकू बघून म्हणाली, "उंदिरनी कुरतडात का काय व?" वहिनी माझ्याशी रात्रीपर्यंत बोलली नाही, रास्त आहे.

मला वाटलं स्क्रूचा प्रश्न असेल, म्हणून दोन्ही कात्र्या घेऊन गल्लीतल्या सलूनवाल्या काकांकडे गेले, जे माझ्या भावाचे केस लहानपणापासून कापतात. त्यांनी मला जे शिकवलं ते या सेटच्या कागदावर असायला हवं होतं. कात्रीची एक कडी हातात धरायची, दुसरं पातं काटकोनात उघडायचं आणि सोडून द्यायचं. पातं खटकन पूर्ण मिटलं तर स्क्रू ढिला, अजिबात हललं नाही तर फार आवळलेला, अर्ध्याच्या आसपास येऊन थांबलं तर बरोबर. सरळ कात्री ढिली होती, त्यांनी बोटानेच स्क्रू फिरवला, तेलाचा एक थेंब टाकला, आणि ती लोण्यासारखी चालायला लागली. दातेरी उलटसुलट करून बघितली, परत दिली आणि म्हणाले ताई, हिला बागेत वापरा. दारावर सायकलचं चाक फिरवत येतात त्या धारवाल्याकडे केसांची कात्री द्यायची नाही हेही त्यांनीच बजावलं. तो दगड सुरीविळ्याला ठीक, इथली बारीक धार तो खाऊन टाकतो.

बाकीचं पटकन. चिमटे मजबूत आहेत, माझ्या दाट केसांनाही सुटले नाहीत. कंगवा बरा. प्लास्टिकचा कपडा उन्हाळ्यात अंगावर घेणं म्हणजे शिक्षा, मी जुनी ओढणी घेतली. पाकीट ठेवा, वास जातो, आणि त्याचा खरा उपयोग कात्री लपवायला होतो, कारण घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी आमच्या ह्यांनी त्याच कात्रीने दुधाची पिशवी कापली आणि वर विचारतात, एवढी चांगली कात्री कुठून आणली? आता ती कपाटात साड्यांच्या खाली आहे.

एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते. लेयर्स वेणीत राहत नाहीत. तीन पेडी घातली की मधूनमधून छोटी टोकं बाहेर, भाताच्या पेंढीसारखी. शाळेत रोज वेणी घालून जाणाऱ्यांनी हा विचार आधी करावा, मी केला नव्हता, आता अंबाडा घालते आणि पुढच्या बटांना दोन पिना. आणि महिन्याला साधारण अर्धा इंच वाढ धरली तर दोन-तीन महिन्यांत पुढच्या बटा इंचभर तरी खाली येतात, तेव्हा परत तेच शिंग बांधायचं. मी परवाच दुसऱ्यांदा केलं, या वेळी मुलीने समोर उभं राहून नाकाची रेषा बघितली, २० मिनिटांत काम झालं, दोन्ही बाजू सारख्या.

कापलेले केस आईने पहिल्या वेळचे सगळे गुंडाळून ठेवले होते केसांवर भांडी देणाऱ्या बाईसाठी. मला वाटलं होतं निदान एक डबा येईल, आला एक चमचा.

तर ५४९ पैकी सरळ कात्री आणि चिमट्यांचे पैसे वसूल, दातेरीचे पाण्यात. मला विचाराल तर पूर्ण सेट न घेता पार्लरचं सामान विकणाऱ्या दुकानात जाऊन एकच सरळ कात्री हातात धरून, पातं सोडून बघून घ्या, ऑनलाईनमध्ये ते बघता येत नाही. आणि ऑनलाईनच घेणार असाल तर पार्सल आलं त्याच दिवशी उघडा, ओला टिश्यू कापा, दातेरी कात्री उजेडासमोर धरून दातांमध्ये फट आहे का बघा. बदलून द्यायची मुदत ७ दिवसांची होती, आणि माझं पाकीट आखाजीच्या बॅगेत साड्यांखाली तसंच पडलेलं, उघडलं ते नवव्या दिवशी.