लोणा: ॲसिड की नुसता ब्रश?

नव्या घराच्या विटांवर दिवाळीनंतर पांढरं, म्हणजे लोणा, फुटलं, की दोन सल्ले हमखास मिळतात. ॲसिडने धुऊन वर सिलिकॉनचा कोट मारा, हा एक. काही करू नका, नुसतं झाडत राहा, हा दुसरा. अमळनेरला घर बांधताना पुढची भिंत मी हौसेने गिलाव्याशिवाय ठेवली, त्यामुळे दोन्ही करून झालं आहे. रस्त्याकडच्या अर्ध्या भिंतीवर पहिला उपाय केला, जिन्याकडच्या अर्ध्या भिंतीवर दुसरा.

ॲसिडवाली बाजू आठवडाभर दृष्ट लागण्यासारखी दिसत होती. लालभडक वीट, पांढऱ्या डागाचा मागमूस नाही. तेव्हा कोणी विचारलं असतं, तर डोळे झाकून ॲसिड सांगितलं असतं.

पण ॲसिड म्हणजे खरं तर पाण्याचं काम. एका भागाला दहा भाग पाणी, तेही पाण्यात ॲसिड ओतायचं, उलटं नाही. त्याआधी भिंत चिंब भिजवायची, नाहीतर कोरडी वीट ॲसिडच पिते. नंतर पुन्हा धू धू धुवायची. आता एवढं पाणी आणायचं कुठून? आमच्याकडे नळ रोज येत नाही, आला तर ते पाणी पिण्याला. उरलं बोअर. त्या बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पापुद्रे धरतात, बादलीच्या काठाला पांढरी कड येते, साबणाला फेस येत नाही. तेच पाणी आम्ही ड्रमच्या ड्रम भिंतीला पाजलं.

वीसेक दिवसांत पांढरं परत आलं. आधी भुकटी होती, फुंकर मारली तरी उडायची. आता पातळ साय धरल्यासारखं, नखाने खरवडावं लागे. मिठाचा डाग मिठाच्याच पाण्याने धुतला, दुसरं काय होणार? लोणा म्हणजे विटेतले, सिमेंटमधले किंवा पाण्यातले क्षार; पाणी त्यांना विरघळवून बाहेर आणतं, स्वतः वाफ होऊन जातं आणि ते मागे ठेवतं. भिंत भिजवली की ही वाट पुन्हा खुली होते. माझा ॲसिडवरचा राग आहे तो एवढाच. दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, थोड्या भुसभुशीत झाल्या, खिडकीचं ग्रील गंजलं, तेही आहे. पण ते कदाचित माणसाच्या हाताचं असेल, ॲसिडच्या माथी मारत नाही.

सिलिकॉनच्या कोटाबद्दल जरा सांभाळूनच बोलतो, कारण वाफ बाहेर सोडणारे चांगले प्रकारही मिळतात. मी मारला तो चकचकीत होता, आणि भिंत आत ओली असताना मारला. क्षार बाहेर यायचे थांबले, पण जातील कुठे? कोटाच्या मागेच जमले. पुढच्या थंडीत तीन विटांचा दर्शनी पापुद्रा बोटाएवढा सुटून आला. कोट मारायचाच असेल तर निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा भिंतीवरून जाऊ द्या.

ब्रशची बाजू कंटाळवाणी, हे कबूल. काथ्याचा कडक ब्रश, नाकाला रुमाल, खाली जुनं वर्तमानपत्र. भुकटी खाली पडू द्यायची नाही, पावसाने ती परत जोत्यात जिरते. पहिल्यांदा अर्धी वाटी निघाली. पंधरा दिवसांनी पुन्हा जवळजवळ तेवढीच. येणारा प्रत्येक पाहुणा "भिंतीला पीठ लागलंय का?" विचारी. म्हातारे गवंडी मात्र म्हणाले, "कसाले इतली घाई करस, भाऊ?" त्यांचं म्हणणं, बांधकामाला आणि क्युरिंगला ओतलेलं पाणी आत आहे तोवर हे चालायचंच. आपल्याकडचा एप्रिल-मे फुकटात भिंत वाळवतो. दुसऱ्या दिवाळीला जिन्याकडे चिमूटभर निघालं, रस्त्याकडे अजून साय होतीच.

अर्थात ओल्या बोटाने चोळूनही जे विरघळत नाही, ते सहसा साधा लोणा नव्हे. चुन्याचा किंवा सिमेंटचा ओघळ असू शकतो. त्याला ब्रश पुरत नाही. तिथे ॲसिडच, पण तेवढ्याच जागी आणि गोड्या पाण्याने. आणि पांढरं फक्त जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत असेल, तर डीपीसीची, म्हणजे जोत्यावरच्या ओल अडवणाऱ्या थराची, चौकशी करा. जमिनीतून ओल चढत असेल तर माझे दोन्ही उपाय वाया.

विटा अजून घ्यायच्या असतील, तर भट्टीवरच्या चार-पाच विटा परातीत इंचभर पाण्यात उभ्या ठेवून बघा. पाणी बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड घ्या, बोअरचं नको. पाणी शोषून वीट वाळली की पुन्हा तेवढंच घालून वाळवायची. भारतीय मानकात विटेच्या १० टक्क्यांपर्यंत पांढरं आलं तर किंचित, ५० टक्क्यांपर्यंत मध्यम धरतात. मी ही परात घर बांधून झाल्यावर मांडली.

यंदा जिन्याकडे खिडकीच्या खाली तळहाताएवढं फुटलं आहे. छज्जाचं पाणी तिथेच ओघळतं. आधी तो छज्जा दुरुस्त करतोय. ब्रश जिन्याखाली खिळ्याला टांगलेला आहेच.