जुनी मॅसी: सिंगल क्लच घ्यावी की ड्युअल?

जुनी मॅसी, म्हणजे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर, घ्यायचीच असं ठरलं असेल तर टायर, कागद, इंजिनाचा धूर तुम्ही बघालच. मी बोलतोय लिफ्टबद्दल, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या यंत्रणेबद्दल. इंदूरजवळ सांवेरकडच्या आमच्या शेतावर आधी सिंगल क्लचची मॅसी ३५ होती, आता ड्युअलची आहे. लिफ्ट दोन्हींची सारखीच. चार पिस्टनचा पंप सीटखाली, गिअरबॉक्सच्याच तेलात बुडालेला. कंट्रोल व्हॉल्व्ह तेल आत ओढण्याच्या बाजूला, म्हणून उचलायचं नसेल तेव्हा पंप नुसता फिरतो. घट्ट माती लागली की टॉप लिंक (अवजाराला वरून धरणारा दांडा) स्प्रिंगला रेटते, व्हॉल्व्ह उघडतो आणि नांगर बोटभर वर येतो. ही अक्कल हॅरी फर्ग्युसनची, १९२०च्या दशकातली. आमच्या काळ्या मातीत अजून खपते.

फरक एवढाच की पंप क्लचच्या कुठल्या बाजूला अडकलाय. सिंगलमध्ये पाय दाबला की चाकं थांबतात आणि पंपही.

वाचताना हे किरकोळ वाटतं. शेताच्या टोकाला समोर शेजारच्या काकांची मेढ, म्हणजे बांध, मेढीलगत त्यांचा स्प्रिंकलरचा पाइप. मी क्लच दाबून लिव्हर ओढला, कल्टीवेटर ढिम्म. पाय सोडला तर कल्टीवेटर उठू लागला, पण गाडीही पुढे निघाली. पाइप फाळात. काका काही बोलले नाहीत, नुसते तुटका तुकडा हातात घेऊन उभे राहिले. ते जास्त लागलं.

मिस्त्री म्हणाला, "पेले उठाओ, फेर किलच दबाओ, भिया." बरोबरच होतं त्याचं. नाहीतर न्यूट्रल करा, मग उचला. पण दिवसातून चाळीस वळणं, आणि माझा पाय काही शिकेना.

ड्युअलमध्ये पेडल अर्धं दाबलं की गाडी उभी राहते, पंप आणि पीटीओ (अवजाराला इंजिनाची ताकद देणारा मागचा फिरता दांडा) चालू. पूर्ण दाबलं की सगळंच बंद. तक्रारी तिच्याही आहेत: दोन प्लेटा, खर्च जास्त, आणि दोन्ही टप्पे नीट जुळवणारा हात सगळीकडे मिळत नाही. रोजाचा ड्रायव्हर तर पेडल तळाला नेऊनच दाबतो. त्याच्यासाठी ड्युअल काय नि सिंगल काय. नुसती ट्रॉली जोडून इंदूरला छावणीच्या मंडीत गहू न्यायचा असेल तर सिंगल पुष्कळ झाली. माझी तशाच एकाने घेतली, खूश आहे.

शेतात वळायचं असेल तर मात्र, माझ्यापुरतं सांगतो, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

बघायला जाल तेव्हा मागे कल्टीवेटर जोडायला लावा, क्लच अर्धा दाबून लिव्हर वर करा. उचलला, तर इंजिन बंद करून चहा घ्या. परत येईपर्यंत फाळ जमिनीला टेकले असतील, तर लिफ्ट उघडायचा खर्च भावातून आधीच वळता करा.